रिफिल नसलेलं पेन

मेश्राम सिस्टर माणसाला पायापासून वर ओळखत. समोर कोणी आलं की त्यांची नजर आधी चपलेवर जाई, मग टाचेवर, मग पँटच्या काठावर. चेहऱ्यापर्यंत पोचायला तिला वेळ लागे. अनोळखी माणूस त्यामुळे अवघडून जाई आणि आपल्या पायाला काही लागलंय का म्हणून स्वतःही खाली पाही. कारखान्यात नव्यानं आलेल्या एका अधिकाऱ्यानं त्यांना हसत विचारलं होतं, "सिस्टर, मेरे जूते पसंद आये क्या?"

"जोडा चांगला हाय साहेब," सिस्टर म्हणाल्या, "पन डावा तळ बाहेरून झिजून राह्यला. तिरपे चालता तुमी."

साहेबांनी बूट उलटा करून पाहिला. तो झिजलेला होता.

कोरपना तालुक्यात, चुनखडीच्या पट्ट्यात एक सिमेंट कारखाना आहे. त्याच्या दवाखान्यात विमल मेश्राम बावीस वर्षं परिचारिका होत्या. माहेर आरमोरीकडचं, धानाच्या शेतीचं. बोली त्यांनी कधी बदलली नाही. मोठ्या साहेबांशीही त्या तिच्यातच बोलत आणि साहेब हिंदीत उत्तर देत. अंगानं बारीक, आवाज मात्र ओपीडीच्या बाहेरच्या बाकापर्यंत पोचणारा. चहा बिनसाखरेचा. स्वतःला शुगर नव्हती, पण "मी गोड पिऊन दुसऱ्याले नको म्हनलं तर थो माह्या कपाकडे पायते," असं त्या सांगत. रुमालाच्या टोकाला मात्र खडीसाखर बांधलेली असे, गोळी घेऊन उपाशी राहणाऱ्या आणि मग घेरी येणाऱ्या माणसांसाठी.

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून राजुऱ्याला होतो. दर नोव्हेंबरात एका रविवारी हा कारखाना मधुमेहासाठी वॉक काढी. अधिकारी, कामगार, ठेकेदारांची माणसं, कॉलनीतल्या बाया आणि शाळेची मुलं असे सगळे कॉलनीच्या गेटपासून शाळेच्या मैदानापर्यंत चार किलोमीटर चालत. जितके लोक चालतील त्या हिशेबानं कंपनी मधुमेहावरच्या संशोधनाला देणगी देई. मैदानावर मंच, नागपूरचे एक डॉक्टर, पुठ्ठ्याचा मोठा धनादेश, केळी. पहिली दोन वर्षं बाजूला एका टेबलावर रक्तातली साखर तपासून मिळे. गावात या सगळ्याला ‘शुगरचा मोर्चा’ म्हणत. माझ्याकडून त्याची एका कॉलमाची बातमी आणि एक फोटो अपेक्षित असे.

कल्पना सिस्टरांचीच होती. देणगीबद्दल त्यांचं मत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "संशोधन झालंच पायजे. शोधणारे शोधतीन. तोपर्यंत मानसाचा पाय तर जाग्यावर राह्यला पायजे."

डॉक्टरांशी त्यांचं जमे, पण मंचावर नाही. एका वर्षी डॉक्टरांनी भाषणात भात पूर्ण बंद करायला सांगितलं. ठेकेदारांकडची निम्मी माणसं मूल, सिंदेवाही, आरमोरी या धानाच्या पट्ट्यातली. दोन वेळच्या भाताशिवाय जेवण असतं हे त्यांना ऐकून माहीत होतं. डॉक्टर बसल्यावर सिस्टरांनी माइक घेतला.

"डॉक्टरसाहेबांचं बरोबर हाय. पन भात सोड म्हनलं का आपला मानूस दवाखाना सोडते, हे मले माहीत हाय. म्हनून मी सोडाले नाई सांगत. वाटी धरा. एका टायमाले एक वाटी."

"सिस्टर, वाटी घरची चालन का?" मागून एकानं विचारलं.

"तुह्या घरची वाटी म्या पाह्यली हाय, गजानन. तिच्यात पोट्टं न्हायते."

डॉक्टरही हसले. पुढच्या वर्षी त्यांनी भाषणात स्वतःच वाटीचं प्रमाण सांगितलं.

पण माझ्या आठवणीत त्यांची पक्की जागा झाली ती बुटांच्या वर्षी. वॉकचं ते दुसरं वर्ष. कार्मिक विभागाच्या साहेबांनी सगळ्यांसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट मागवले होते आणि ते सकाळी गेटवर वाटले. माणसं हौसेनं बूट चढवून रांगेत उभी राहिली. सिस्टर दवाखान्याकडून आल्या, त्यांनी रांग खालून पाहिली आणि त्या थेट साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नवा जोडा घालून कोनी चालनार नाई."

"सिस्टर, फोटो में सब एक जैसे दिखने चाहिए."

"मंग फोटो काढून घ्या. चालाच्या आधी जोडे उतरतीन. शुगरवाल्याच्या पायाले नवा जोडा चावते, अन् त्याले समजत नाई. मोर्चा शुगरचा अन् फोड आपनच द्याचे काय?"

साहेबांना ते पटलं की घड्याळात उशीर दिसला, सांगता येत नाही. फोटो निघाला. मग दीडएकशे माणसांनी बूट काढले, आपापल्या जुन्या चपला घातल्या. नवे बूट ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. कोणीतरी नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवले आणि पाहता पाहता सगळ्यांनी तेच केलं. पांढऱ्या बुटांच्या जोड्या छातीवर हेलकावत ठेवून अख्खा वॉक चार किलोमीटर चालला. मी तो फोटो पाठवला. संध्याकाळी चंद्रपूरहून उपसंपादकाचा फोन आला. "हे आंदोलन कशाचं आहे? मागण्या काय आहेत ते बातमीत नाही."

हा किस्सा मी बरेच दिवस गंमत म्हणून सांगत असे. सिस्टर पायांकडे का पाहू लागल्या होत्या, हे मात्र त्यात येत नसे. ती सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी त्या पाय पाहत नव्हत्या, नावं लिहीत होत्या.

पहिल्या वर्षीच्या वॉकनंतर त्यांनी टेबलाशी बसून ठेकेदारांच्या बऱ्याच माणसांची बोटं टोचली होती. नऊ जणांची साखर फार वाढलेली निघाली. त्यांतल्या कोणालाच ते आधी माहीत नव्हतं. साहेबांना हे मोठं यश वाटलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. आपल्याकडे यश दिसलं की सत्कार होतो. साहेबांनी सुचवलं की या नऊ जणांना मंचावर बोलवावं, गुलाबाचं फूल आणि आहाराची माहितीपुस्तिका द्यावी. लोकांची भीड मोडेल. सिस्टरांना कल्पना आवडली. रोग लपवायची गोष्ट नाही, हे त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. त्यांनी टेबलावरच्या कागदावरून नऊ नावं स्वतः माइकवर वाचली. माणसं लाजत वर गेली. टाळ्या झाल्या. ठेकेदार पहिल्या रांगेत बसलेले होते.

नावं मीही छापली. शुद्धलेखन तपासून छापली.

शुगर असलेल्या माणसाला उंचीवर चढवू नये असा सुरक्षेचा नियम आहे, आणि तो चुकीचा नाही. घेरी आली तर माणूस खाली येतो. पण त्या नऊ जणांतले तिघंच उंचीवर काम करत. ठेकेदारानं तेवढा विचार केला नाही. मंगळवारी नऊही जणांचे गेटपास थांबले. कारण म्हणून फाइलला माझ्या बातमीचं कात्रण लावलेलं होतं, असं मला नंतर कळलं.

त्या नऊ जणांत एक देवराव होते. हे त्यांचं खरं नाव नाही. का नाही, ते पुढे येईल. जिवतीच्या पहाडावरचे, चाळिशीतले, कारखान्यात छतांचे पत्रे बसवणाऱ्या टोळीत होते. पास थांबल्यावर सिस्टर एकेकाच्या घरी गेल्या. आठ जणांनी चहा दिला आणि ऐकून घेतलं. देवराव खोलीच्या दारातच उभे राहिले.

"सिस्टर, तुमी बोट टोचलं अन् पोट मारलं."

"माही चूक झाली, देवराव. नाव म्याच वाचलं. पन गोळी बंद नको करू, बापा."

"गोळी खाल्ली का लोक इचारते काऊन खातं म्हनून. मले शुगर नाई. तुमची मशीन खराब होती."

दार लागलं. ही हकीगत मला सिस्टरांनीच सांगितली, आणि सांगताना स्वतःच्या बाजूनं एकही वाक्य जोडलं नाही. मी विचारलं की नियम ठेकेदारानं वाकवला, त्यात तुमची चूक कुठे? त्या म्हणाल्या, "कागद माहा होता." पास थांबल्यापासून त्या माणसाच्या पायाकडे पाहू लागल्या होत्या, त्याला कागद लागत नव्हता.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे बुटांच्या वर्षी, मैदानावर तपासणीचं टेबल होतंच. अधिकारी आले, कॉलनीतल्या बाया आल्या. ठेकेदाराचा एकही माणूस टेबलाशी थांबला नाही. टी-शर्ट घालून, गळ्यात बूट अडकवून ती माणसं टेबलासमोरून जात होती, केळं घेत होती आणि दोन्ही हात खिशात घालत होती. सिस्टर तपासणीच्या पट्ट्यांचा डबा उघडा ठेवून दुपारपर्यंत बसल्या. मग त्यांनी तो बंद केला आणि परत कधी मैदानावर उघडला नाही.

मधल्या काळात देवरावांना दुसरं काम मिळालं होतं. गेटबाहेर ट्रकतळ आहे. सिमेंटनं भरलेले ट्रक तिथं थांबतात आणि मालावर ताडपत्री बांधून घेतात. बांधणारा ट्रकच्या टपावर चढतो आणि गोण्यांच्या ढिगावर उभा राहून दोर ओढतो. देवराव ते करत. आत उंचीवर चढायला मनाई झालेला माणूस बाहेर सुरक्षापट्ट्याशिवाय, हेल्मेटशिवाय, गोळीशिवाय उंचीवर चढत होता. त्यासाठी कोणाचा पास लागत नव्हता.

तिसऱ्या वर्षी सिस्टरांनी वॉकचा रस्ता बदलून मागितला. ट्रकचालकांत जागृती व्हावी, असं त्यांनी अर्जात लिहिलं. साहेबांना ते योग्य वाटलं, बातमीलाही चांगलं होतं. त्यामुळे त्या रविवारी सगळा जथा शाळेकडे न वळता आधी ट्रकतळाला गेला. बॅनर पुढे, घोषणा, धूळ. सिस्टर सर्वांत मागे होत्या. जथा पुढे निघून गेला, त्या एका ट्रकपाशी थांबल्या. मी थांबलो कारण मला चालकांची प्रतिक्रिया हवी होती.

टपावर देवराव दोर आवळत होते.

"खाली ये, देवराव."

"बोट नाई देत मी."

"बोट ठेव तुह्यापाशी. पाय दे."

"पाय काऊन?"

"पाहाले. पायाची मशीन नसते, खराब होनार नाई."

क्लीनर हसला. देवराव हसले नाहीत. "नाव लिहान तुमी," ते वरूनच म्हणाले.

सिस्टरांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि वर धरलं. साधं निळं पेन, पण आत रिफिल नव्हती. रिफिलच्या जागी त्यांनी मासे धरायच्या गळाचा जाड नायलॉन दोरा बसवला होता, बोटाच्या पेराएवढा बाहेर आलेला. तळपायाला जाणीव उरली आहे की नाही ते पाहायला असा दोरा वापरतात. डॉक्टरांकडे असतो तो मोजून केलेला असतो. सिस्टरांचा त्यांनी स्वतः बनवलेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी तो पाहून अचूक नाही म्हणून सांगितलं होतं, वापरू नका असं मात्र सांगितलं नव्हतं.

"हे लिहित नाई," सिस्टर म्हणाल्या. "ये खाली."

का आले ते देवरावच जाणोत. क्लीनर आणि चालक बघत होते, आणि चारचौघांत बाईमाणसाला उन्हात उभं ठेवणं त्यांना जड गेलं असावं. ते उतरले, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसले आणि बूट काढला. सिस्टरांनी आधी बूट हातात घेतला आणि उलटा करून झटकला. आतून चुनखडीचा एक खडा पडला, हरभऱ्यापेक्षा मोठा.

"कवापासून हाय हा?"

देवरावांनी खड्याकडे पाहिलं. "काय मालूम. नव्हता तो."

"डोळे मिट. जिथी लागलं तिथी सांगाचं."

त्यांनी डोळे मिटले. सिस्टर धुळीत उकिडव्या बसल्या. दोरा त्यांनी अंगठ्याला टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. मग दुसऱ्या बोटाला. मग चवड्यावर तीन ठिकाणी, मग टाचेला. करंगळीच्या खाली कातडी काळी पडली होती आणि तिच्या कडेनं ओल होती. तिथं त्यांनी दोरा लावला नाही, नुसतं वाकून हुंगलं. देवराव डोळे मिटून वाट पाहत होते.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "करा ना सुरू, सिस्टर."

क्लीनरनं मान दुसरीकडे वळवली. देवरावांनी डोळे उघडले तेव्हा सिस्टर पेन खिशात ठेवत होत्या, आणि त्यावरून त्यांना काय ते कळलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

बराच वेळ ते आपल्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसं पाहत राहिले. मग म्हणाले, "चंद्रपूरले नेशान तर नाव कोन्तं सांगशान?"

"तू सांगशीन थे."

त्याच दुपारी दवाखान्याच्या गाडीतून त्या त्यांना चंद्रपूरला घेऊन गेल्या. वॉकच्या समारोपात परिचारिका हजर नव्हत्या, अशी तक्रार साहेबांनी केली. देवरावांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली, पाऊल राहिलं. आणखी उशीर झाला असता तर काय, असं मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हाताच्या कडेनं घोट्याच्या बऱ्याच वर एक रेघ दाखवली.

पुढे ठेकेदारांची इतर माणसंही पाय दाखवू लागली, तेव्हा साहेबांनी सिस्टरांना बोलावून तळपाय तपासलेल्या सगळ्यांची यादी मागितली. हेतू चांगला होता, त्यांना पाठपुरावा करायचा होता.

"पाठपुरावा मी करून राह्यली," सिस्टर म्हणाल्या. "यादी नाई."

"लिस्ट के बिना रिकॉर्ड कैसे रहेगा?"

"माह्या डोक्यात राह्यते. ठेकेदाराले तिथून काहाडता येत नाई."

मग त्यांनी आपली अट सांगितली. तपासणीत काय निघालं ते ठेकेदाराला कळणार नाही, असं दवाखान्याच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लिहून लावा. ज्याला चढता येत नाही त्याला जमिनीवरचं काम द्या. तोवर वॉकच्या दिवशी मी रजेवर. साहेबांनी ते वरच्या कार्यालयाला कळवलं. उत्तर यायला सात महिने लागले, त्यात दोन स्मरणपत्रं गेली. अखेर कागद लागला. तो दुसऱ्या रांगेतल्या माणसालाही वाचता यावा म्हणून सिस्टरांनी अक्षरं मोठी करून घेतली. देवरावांना पास मिळाला तो त्यानंतर बऱ्याच काळानं, कारखान्याच्या रोपवाटिकेत, कमी मजुरीवर. नऊ जणांपैकी चौघं परत आलेच नाहीत. आणखी एक जण गाव सोडून गेला होता. सिस्टर हे चार आणि एक असेच मोजत, परत आलेले कधी मोजत नसत.

मी त्यांच्यावर लेख लिहायचं म्हणालो तेव्हा त्यांनी एकच सांगितलं, "माहं नाव टाका. पायवाल्याचं नका टाकू." म्हणून देवरावांचं नाव बदललं आहे.

निवृत्तीच्या वर्षीचा वॉक त्यांचा शेवटचा. तोवर रस्ता ट्रकतळावरूनच जायचा असं ठरून गेलं होतं, आणि जुन्या चपलेतच यायचं, हे पत्रिकेत छापलं जाई. मैदानावर त्या वर्षी मोठा मंच होता. संशोधनाचा धनादेश देऊन झाला. मग निवेदकानं सिस्टरांच्या सेवेबद्दल चार वाक्यं म्हटली आणि सत्कारासाठी त्यांचं नाव पुकारलं. शाल आणि नारळ घेऊन साहेब उभे राहिले. मंचावर कोणी आलं नाही. निवेदकानं पुन्हा नाव घेतलं. लोक मागे वळून पाहू लागले.

मी रस्त्यानं उलटा चालत गेलो. फार लांब जावं लागलं नाही. मैदानाच्या अलीकडे एक मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी त्या बसल्या होत्या. त्या नेहमी सगळ्यांत मागे चालत, कारण देवराव सगळ्यांत मागे असत. दोन बोटं गेल्यापासून त्यांचा पाय आतल्या बाजूला पडे. आता ते जमिनीवर मांडी घालून बसले होते. सिस्टरांची एक चप्पल बाजूला काढलेली होती. पाय देवरावांच्या गुडघ्यावर होता आणि ते निळं पेन देवरावांच्या हातात.

"डोळे मिटा. पूर्न मिटा, सिस्टर. बगून राह्यल्या तुमी."

त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"कुठी?"

"आंगठा."

"आता?"

"टाच. जोरानं दाबू नको, मी काई म्हैस नाई."

देवरावांनी पेन वर उचललं आणि हवेतच धरून ठेवलं. "आता?"

सिस्टर क्षणभर थांबल्या. "लावलंच नाई तू."

देवराव मोठ्यानं हसले. मैदानावरच्या कर्ण्यातून तिसऱ्यांदा आवाज आला, यावेळी सावकाश, आडनावासकट.

"सिस्टर, तुमचं नाव वाचून राह्यले तिकडे."

"वाचू दे," सिस्टर म्हणाल्या, आणि डोळे न उघडता त्यांनी दुसरा पाय पुढे केला.